होनाला जामीन कशाला?

6 जूनची संध्याकाळ होती. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर मी साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी विशी-बाविशीचा एक मुलगा येऊन बसला. डोक्याला भगवा फेटा, बूट चिखलाने भरलेले. रायगडावरून राज्याभिषेक सोहळा करून परत निघाला होता, पुढे बारामतीची गाडी धरायची होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक पिवळं नाणं होतं. पितळेचंच, पण ठसा स्वच्छ होता. मी वाकून वाचलं : श्री राजा शिव.

‘‘होन ना हा?’’ मी विचारलं.

त्याला एकदम आनंद झाला. ‘‘काका, तुम्हाला माहितीये? बाकी सगळे मेडल समजतात.’’ त्याने नाणं उलटवून मागची ‘छत्रपति’ ही अक्षरं दाखवली. मग किती वाजता गड चढला, किती गर्दी होती, पाऊस कसा आला, सगळं सांगितलं. पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू काढून अर्धा मला दिला. पोरगा गोड होता. शेवटी त्याने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि हसून म्हणाला, ‘‘अरे वा! तुम्हाला पण आवडतात होय महाराज?’’

त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. खरं आश्चर्य होतं, आणि थोडं कौतुकही. चुकला तो नाही. चुकलो मी, त्याच्यानंतर.

मी काय केलं? खिशातून मोबाईल काढला आणि त्याला अकबराचं राम-सीतेचं सोन्याचं नाणं दाखवलं. मग मुहम्मद घोरीचं लक्ष्मीचं नाणं दाखवलं. मग महाराजांच्या सैन्यातल्या मुस्लिम सरदारांची नावं म्हणून दाखवली. त्याने सगळं सभ्यपणे पाहिलं, ऐकलं, ‘‘भारीये काका’’ म्हणाला. तेवढ्यात बारामतीची गाडी लागली आणि तो पळाला.

कात्रजचा बोगदा ओलांडला तरी माझी चरफड थांबेना. एका सरळ प्रश्नाला ‘‘हो, आवडतात’’ एवढं उत्तर पुरलं असतं. त्याऐवजी मी पुरावे सादर करत बसलो. त्याने आरोप केलाच नव्हता, आणि मी जामीन भरून मोकळा झालो होतो.

हा लेख त्या सवयीविरुद्ध आहे. ती एकट्या माझी नाही. मराठी मुसलमानांत लिहिणारे-बोलणारे जे आम्ही आहोत, त्या आम्हा सगळ्यांना ती जडली आहे. कुणी शंकेने पाहिलं की आम्ही इतिहासाच्या पोतडीतून एखादं नाणं काढतो आणि दाखला म्हणून पुढे करतो. समोरचेही तेच करतात, फक्त त्यांचं नाणं वेगळं. नाण्याचा हा दाखला दोन्हीकडून खोटा आहे, असं माझं म्हणणं आहे.

होनावर काय लिहिलं आहे

आधी त्या मुलाच्या गळ्यातल्या नाण्याबद्दल. शिवराई होन हे राज्याभिषेकाचं नाणं. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596, म्हणजे 6 जून 1674 रोजी रायगडावर महाराज सिंहासनावर बसले, आणि त्यांच्या नावाचं नाणं सुरू झालं. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होनाचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आकार नखाएवढा. अस्सल सोन्याचे होन आज अगदी मोजके उरले आहेत.

‘होन’ हा शब्द कानडी ‘होन्नु’वरून आला, अर्थ सोनं. विजयनगरच्या राजांनी हे नाणं दक्षिणेत रुजवलं. विजयनगर मोडलं तरी होन मोडला नाही. आदिलशाहीत चालला, कुतुबशाहीत चालला, महाराजांनीही तोच घेतला. म्हणजे नाण्याचा साचा विजयनगरचा, नाव कानडी.

आणि स्वतःच्या नावाने नाणं पाडणं म्हणजे काय, हे ज्या राजकीय भाषेत तेव्हा सगळ्यांना कळत होतं, ती भाषा खुतबा आणि सिक्क्याची होती. जुम्याच्या खुतब्यात ज्याचं नाव घेतलं जातं आणि नाण्यावर ज्याचं नाव असतं, तो सार्वभौम. दिल्लीच्या बादशाहाला रायगडावरचे वेदमंत्र कळले नसते. पण सोन्याच्या नाण्यावरचं नाव त्याला न वाचताही कळलं असणार. ‘राजा’ ही पदवी खुद्द औरंगजेबाने 1668 मध्ये महाराजांना दिली होती. ‘छत्रपति’ कुणी दिली नव्हती. ती त्यांनी स्वतः घेतली आणि सोन्यावर उमटवली. आदिलशाही सरदाराचा मुलगा, मोगलांचा मांडलिक, बंडखोर जमीनदार, अशा सगळ्या ओळखी त्या चार अक्षरांनी पुसल्या. होनाचा राजकीय अर्थ हा आहे.

धार्मिक अर्थही आहे, आणि तो लपवण्यात मला रस नाही. आमच्यातले काही जण महाराजांना आजच्या अर्थाने सेक्युलर ठरवण्याच्या नादात होनावरची ‘श्री’ वाचायची विसरतात. राज्याभिषेक वैदिक विधीने झाला. नाण्यावर फारसी नाही, नागरी आहे. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश महाराजांनी याच सुमारास करवून घेतला. हे हिंदू राजाचं नाणं आहे आणि तसं म्हणायला मला मुसलमान म्हणून काही अडचण वाटत नाही. एखाद्या राजाने आपल्या धर्माच्या खुणा आपल्या नाण्यावर घेतल्या, यात माझं काय गेलं?

पण धर्माचा विषय काढलाच आहे, तर पूर्ण काढावा. 1674 मध्ये राज्याभिषेकाला जी धार्मिक आडकाठी आली, ती मुसलमानांकडून आली नव्हती. प्रश्न होता भोसले क्षत्रिय आहेत का, त्यांना वेदोक्त संस्कारांचा अधिकार आहे का. त्यासाठी काशीहून गागाभट्ट आणावे लागले. तीनशेहून अधिक किल्ल्यांच्या धन्याची, चव्वेचाळिशीच्या पुरुषाची, राज्याभिषेकाच्या काही दिवस आधी मुंज करावी लागली. तरी काहींचं समाधान झालं नाही आणि त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरी गोसाव्याच्या हातून दुसरा, तांत्रिक राज्याभिषेक झाला. सव्वादोनशे वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांसमोर पुन्हा तोच वेदोक्ताचा वाद उभा राहिला. ज्या स्टँडवर आम्ही दोघं बसलो होतो, त्याच्या बाहेरचा चौक ज्या केशवराव जेधे यांच्या नावाने आहे, त्यांनी विसाव्या शतकात याच पुण्यात ब्राह्मणेतर चळवळ उभी केली, तीही याच वादाचा धागा पकडून. म्हणजे होनाच्या धार्मिक पार्श्वभूमीत जो झगडा आहे, तो घरातला आहे. आज तो नेमका विसरला जातो आणि नाणं आमच्याकडे रोखलं जातं.

इंग्रज वकिलाला मिळालेलं उत्तर

राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. तहाची कलमं घेऊन आला होता. त्यातलं एक कलम असं की कंपनीची मुंबईची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. बाकीची कलमं मान्य झाली, या कलमाची गरज नाही, असं उत्तर मिळालं. कारण असं सांगितलं गेलं की कोणतंही नाणं चालायला इथे बंदी नाही. पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्यायची सक्तीही केली जाणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्यांइतकं वजनाला पुरं आणि कसाला उतरणारं असेल, तर ते आपोआप चालेल.

हा प्रसंग इंग्रजांच्याच कागदपत्रांत नोंदलेला आहे. मला तो राज्याभिषेकातला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो. ज्या राजाने नुकतंच स्वतःच्या नावाचं सोनं पाडलं, तो सांगतो की नाव कुणाचं हे मी पाहणार नाही, वजन आणि कस पाहीन, आणि माझ्या रयतेचं नुकसान होऊ देणार नाही. तुलनेसाठी माप घेतो ते चक्क मोगलांच्या नाण्याचं. ज्याच्याशी लढाई चालू आहे, त्याचं नाणं खरं असेल तर खरं म्हणायचं, ही त्या माणसाची रीत.

त्यांच्या खजिन्याचीही तीच साक्ष आहे. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या मागे राहिलेल्या नाण्यांची यादी आहे. तिच्यात शिवराई होन आहेत, तसेच पातशाही होन आहेत, विजयनगरच्या राजांच्या नावांचे अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई होन आहेत, मोहरा आहेत, पुतळ्या आहेत. पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, ज्यावर ख्रिस्ती संत मार्क उभा असे. मराठी बायकांनी ते कौतुकाने माळेत ओवलं आणि पुतळ्यांची माळ हा अस्सल मराठमोळा दागिना झाला. त्यामुळे कुणी बाटली नाही.

पुण्याचा रुपया

आता रायगडावरून पुण्यात या. पेशवाईत पुण्याच्या टांकसाळीत अंकुशी रुपया पडत होता. गणपतीच्या हातातला अंकुश ही त्याची खूण. पण रुपयावर अक्षरं फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलम बादशाहाचं, आणि टांकसाळीचं नाव ‘मुहियाबाद पूना’. मुहियाबाद हे नाव पुण्याला कुणी दिलं? औरंगजेबाने. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो पुण्याला मुक्कामी असताना त्याचा नातू मुही-उल-मिल्लत इथे वारला, त्याची आठवण म्हणून.

म्हणजे औरंगजेब मरून अर्धं शतक उलटलं, त्याच्या साम्राज्याचे तुकडे झाले, ज्या बादशाहाचं नाव रुपयावर तो स्वतः दिल्लीत महादजी शिंद्यांच्या आधारावर उभा, आणि इकडे पेशव्यांची टांकसाळ औरंगजेबाने ठेवलेलं नाव रुपयावर छापते आहे. शहरांची नावं बदलण्यात ज्यांची हयात चालली आहे, त्यांनी एकदा कसबा पेठेत उभं राहून याचा विचार करावा.

पेशवे औरंगजेबाचे भक्त होते का? अर्थातच नाही. सराफाला ओळखीचं नाणं लागतं. नाणं अनोळखी दिसलं की तो बट्टा कापतो. हिंदुस्थानभर बादशाही छापाचा रुपया विनातक्रार चालत होता, म्हणून पेशव्यांनी तोच छाप ठेवला. त्याच वेळी त्यांच्याच राज्यात तांब्याची शिवराईही पडत होती. पुण्याच्या बाजारात भाजी घ्यायला निघालेल्या माणसाच्या कनवटीला चांदीवर शाह आलम आणि तांब्यावर शिवछत्रपती, दोघे एकत्र असत. त्याला त्यात काही विसंगत वाटलं असेल, असं मला वाटत नाही. विसंगती आपल्याला वाटते.

आमचे दाखले

आता आमच्या पोतडीकडे वळू. मी त्या मुलाला दाखवलेलं अकबराचं नाणं अस्सल आहे. सोन्याची अर्धी मोहर, इलाही सन 50, म्हणजे अकबराच्या आयुष्याचं शेवटचं वर्ष. एका बाजूला धनुष्य घेतलेला राम, मागे सीता, वर नागरीत ‘राम सीय’. सुंदर नाणं आहे. ते तुम्ही कौतुकाने जरूर पाहा. पण ते दाखवून मी नेमकं काय सिद्ध केलं? अकबर उदार होता, एवढंच. त्याच्या उदारपणाचं श्रेय मला कसं मिळतं? आणि मिळत असेल, तर त्याच न्यायाने औरंगजेबाच्या जिझियाचा हिशेबही माझ्याकडेच येतो. एक हप्ता स्वीकारला की दुसरा नाकारता येत नाही. आमचे मित्र हे विसरतात.

मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर बसलेली लक्ष्मी आहे आणि नागरीत त्याचं स्वतःचं नाव आहे. व्हॉट्सअॅपवर आमचे लोक हे नाणं ‘सलोख्याचा पुरावा’ म्हणून फिरवतात. घोरीला लक्ष्मी पावली नव्हती. त्याने कनौजचा मुलूख घेतला तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या लक्ष्मीचं नाणं होतं. त्याने नाव बदललं, लक्ष्मी ठेवली. पेशव्यांनी शाह आलम ठेवला, त्याच कारणाने.

गझनीच्या महमुदाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. सोमनाथच्या स्वारीनंतर दोनेक वर्षांत, 1027-28 च्या सुमाराला, लाहोरला त्याने चांदीचे दिरहम पाडले. एका बाजूला अरबी कलमा, दुसऱ्या बाजूला त्याचा संस्कृत अनुवाद : अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद. पैगंबरांना ‘अवतार’ म्हणणारा हा मजकूर आज कुणी छापला तर आमच्याच मोहल्ल्यात गोंधळ होईल. ‘मूर्तिभंजक’ महमुदाने तो छापला, कारण पंजाबात राज्य करायचं होतं. उलट ज्याला सगळ्यात कट्टर म्हणतात त्या औरंगजेबाने नाण्यावरून कलमा काढून टाकला. नाणं कुणाच्याही हातात जातं, पायदळी येतं, पवित्र शब्दांची विटंबना होते, हे त्याचं कारण. आता सांगा, संस्कृत छापणारा महमूद सहिष्णू आणि कलमा काढणारा औरंगजेब धर्मबुडवा, असं म्हणायचं का? नाण्यावरून मन वाचायला गेलं की असं हसू होतं.

आणि गोऱ्यांचं काय? ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासेत विष्णूची मूर्ती असलेले होन पाडले. त्यांनाही दक्षिणेत व्यापार करायचा होता. कंपनी वैष्णव होती असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.

मात्र तेही म्हणणारे निघालेच. 1818 साली ईस्ट इंडिया कंपनीने रामदरबाराचं नाणं पाडलं होतं, असा संदेश तुमच्याही मोबाईलवर आला असेल. पितळेचे किंवा तांब्याचे ते जाड तुकडे जत्रेत, फूटपाथवर विकायला असतात. कंपनीने 1818 साली असं कोणतंही नाणं पाडलेलं नाही. देवळांतून मिळणाऱ्या रामटंक्यांची ही अलीकडची बाजारू नक्कल आहे, वर इंग्रजीत कंपनीचं नाव टाकून जुनी केलेली. गंमत पाहा, 1818 म्हणजे मराठी राज्य बुडालं ते साल. ज्या वर्षी कंपनीने आपलं राज्य गिळलं, त्या वर्षीचं कंपनीचं खोटं नाणं आपल्या अस्मितेचा पुरावा म्हणून देव्हाऱ्यात जातं. आमचेही काही कमी नाहीत. 786 आकड्याची नोट हजारो रुपयांना विकत घेऊन तावीजासारखी जपणारे आमच्यात घरोघर आहेत. भोळेपणा वाटून घेतलेला आहे.

जामीन कुणी मागितला?

कुणी म्हणेल, एवढं चिडायचं कशाला? सलोख्याची उदाहरणं सांगण्यात वाईट काय? महाराजांच्या मुस्लिम सरदारांची नावं गोविंद पानसरे यांनीही ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तकात सांगितली, लाखो मराठी वाचकांनी ती वाचली.

बरोबर. पण पानसरे यांनी ती नावं मुसलमानांना सोडवण्यासाठी सांगितली नव्हती. राजाची लढाई धर्माची नसून राज्याची होती, रयतेची होती, हे शिवाजीबद्दलचं विधान त्यांना करायचं होतं. आम्ही तीच नावं घेतो तेव्हा विधान स्वतःबद्दल करतो. आमच्यावर संशय घेऊ नका, बघा, आमचाही एक माणूस तिथे होता. फरक बारीक वाटतो, पण तो सगळं बदलतो. यादी दिली की यादी तपासली जाते. अमुक सरदार खरंच होता का, तमुकाचा उल्लेख समकालीन कागदात आहे का, यावर वाद सुरू होतो. त्यातलं एखादं नाव कच्चं निघालं की आमचं नागरिकत्वच कच्चं ठरतं. आपलं इथे असणं चारशे वर्षांपूर्वीच्या चार नावांवर टांगून ठेवण्याइतके आपण हलके आहोत का?

यात खरंच काही पणाला लागलं आहे म्हणून लिहितो. 7 जून 2023 ला, राज्याभिषेक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात. मार्च 2025 मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपूर पेटलं. दर वेळी मोहल्ल्यातले बाप आपल्या पोरांचे मोबाईल तपासतात. काही पोरं उर्मटपणे औरंगजेबाचा फोटो लावतात, कारण समोरच्याला तो झोंबतो. काही पोरं शिवजयंतीला सरबत वाटतात आणि त्याचे फोटो टाकतात, कारण भीती वाटते. दोघांचंही दुखणं एकच. दोघेही समोरच्याच्या नजरेला उत्तर देत जगत आहेत. स्वतःहून, मनापासून, कुणी बघत नसताना या मातीच्या इतिहासाकडे पाहायला त्यांना आपण शिकवलेलंच नाही. आपण त्यांना फक्त दाखले दिले. सरबत वाटण्याला माझा विरोध नाही. ते तहानेला वाटावं, फोटोला नको.

मग होन आपला कसा?

माझ्या आजीच्या पानाच्या डब्यात दोन शिवराया होत्या. चुना-काताच्या डाग पडलेल्या, अक्षरं जवळजवळ पुसलेली. ती त्यांना नुसतं ‘ढबू’ म्हणायची. तिच्या सासूने दिल्या होत्या, तिला तिच्या सासूने. आमच्या घरात कुणी सरदार नव्हतं. सात पिढ्या बाजारात बसणारी माणसं.

मला वाटतं उत्तर त्या पुसलेल्या अक्षरांत आहे. शिवराई नाणं एकोणिसाव्या शतकापर्यंत चाललं. ते गडांवर झिजलं नाही, बाजारात झिजलं. त्या बाजारात तांबोळी पान विकत होता, बागवान भाजी विकत होता, आतार सुगंध विकत होता, मोमीन लुगडं विणत होता, शिकलगार सुरीला धार लावत होता, पिंजारी गादी भरत होता. शिवछत्रपतींचं नाव त्या सगळ्यांच्या हातातून फिरलं, घामाने काळं पडलं, झिजून गुळगुळीत झालं. ऑक्झिंडेनला उत्तर देताना ज्या रयतेचं नुकसान नको म्हटलं गेलं, ती रयत हीच. तिच्यात कुणाला वगळल्याची नोंद नाही. मग मी स्वतःला त्यातून का वगळू, आणि परत आत घ्या म्हणून अर्ज का करू?

वारसा असाच येतो. तो उपकार म्हणून मिळत नाही आणि पुरावा दिला तरच मिळतो असंही नसतं. माझ्या भाषेत तो आहे. राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्द बाजूला काढले, तो त्या राज्याचा हक्क होता. पण सराफ, शिक्का, खजिना, वसूल, जामीन हे शब्द मराठीत राहिलेच, आणि कुणालाही ते परके वाटत नाहीत. ‘स्वारगेट’ याच शब्दाकडे पाहा. स्वार फारसी, गेट इंग्रजी, आणि दोन्ही मिळून होणारं ठिकाण इतकं मराठी की अख्खा पश्चिम महाराष्ट्र तिथे उतरतो.

भगव्या फेट्यातल्या मित्रांनाही एक सांगायचं आहे, कारण हा लेख तेही वाचतात. तुम्ही होन गळ्यात घाला, मला आवडतं. फक्त तो कुणाच्या तरी विरुद्ध घालू नका. महाराजांनी नाणं पाडलं ते दिल्लीच्या सत्तेला सांगायला की इथे दुसरा धनी नाही. ते बागवानाला घाबरवायला पाडलं नव्हतं, उलट बागवानाच्या गल्ल्यात जावं म्हणून पाडलं होतं. आणि समोरचा माणूस खरा आहे की खोटा हे पाहायचंच असेल, तर त्यांच्याच रीतीने पाहा. छाप कुणाचा, नाव काय, हे विचारू नका. वजन करा, कस लावा. त्या परीक्षेला मी तयार आहे, फक्त ती सगळ्यांची व्हावी.

आणि आपल्या लोकांना : मोबाईलमधल्या त्या नाण्यांच्या फोटोंचं काय करायचं? ठेवा. अकबराचं राम-सीय फार सुंदर आहे, संस्कृत कलमा तर थक्क करतो. ते पोरांना दाखवा, इतिहास किती गुंतागुंतीचा असतो हे सांगायला दाखवा. पण कुणी तुमच्याकडे शंकेने पाहिलं की लगेच खिशात हात घालू नका.

पुढच्या 6 जूनला मला पुन्हा साताऱ्याला जायचं आहे. स्टँडवर असाच एखादा मुलगा भेटेल, नाव ऐकून तोच प्रश्न विचारेल. मी ‘हो’ म्हणेन. मग त्याच्या होनाकडे बोट दाखवून विचारेन, ‘‘अस्सल होन किती ग्रॅमचा असतो, माहितीये का तुला?’’ त्याला माहीत नसेल तर सांगेन. माहीत असेल तर अर्धा लाडू मीच त्याला देईन.